अडवायचे शब्द

बाबलकाकाने दाराची कडी काढली आणि बाजूला होऊन मला म्हणाला, "ये, बघ. तुज्या बापाशीची शाळा. बंद पडूक दिलंय नाय मी."

आमच्याकडे गणपती घडवायच्या जागेला शाळा म्हणतात. लांबट कौलारू मांगर, शेणाने सारवलेली जमीन आणि भिंतींना लागून बसलेले गणपती, प्रत्येक जण आपापल्या घरच्या पाटावर. नागपंचमीला घरोघरचे पाट शाळेत येतात. त्या पाटावरच मूर्ती घडते आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरचं माणूस येऊन पाटासकट गणपती घेऊन जातं. पाट दिला म्हणजे शब्द दिला. त्याची पावती कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही.

चतुर्थी आठवड्यावर आली होती. बाहेर पाऊस लागला होता आणि आत कोळशाच्या शेगड्या पेटवून ठेवल्या होत्या, तरी ओल्या मातीचा वास हटत नव्हता. बाबलकाका म्हणजे माझ्या वडिलांचा सख्खा चुलतभाऊ. साठी उलटली होती, अंगाने सुटला होता, पण उत्साह पोराचा. हल्ली लोकांना पुन्हा शाडूचेच गणपती हवे असतात, प्लास्टरचे कुणी घेत नाही, तीन गावांचे पाट माझ्याकडे आलेत, असं सांगत तो मला ओळीने फिरवत होता. मी सगळ्याला मान डोलवत होते. डोळे अजून एकाही मूर्तीला काढलेले नव्हते. मग तो मला कोपऱ्यातल्या एका लहानशा मूर्तीपाशी घेऊन गेला.

"ह्यो मी स्वतः केलंय. कामगारांक हात लावूक दिलंय नाय. ह्यो..." म्हणाला, आणि खोकला काढून गप्प झाला.

मी वाकले, बोट दुमडलं आणि त्या मूर्तीच्या पोटावर पेराने हळूच वाजवलं. मग शेजारच्या मूर्तीच्या पोटावर. मग तिसऱ्या.

"काय बघतंस गो?"

"काय नाय," मी म्हटलं. "बरे झालेत."

त्या मांगरात मी कितीतरी वर्षांनी पाऊल टाकत होते. शेवटची गेले होते तेव्हा नववीत होते आणि त्या दाराला कुलूप लागलं होतं.

तेव्हा शाळा आबांची होती. आबा म्हणजे माझे वडील, रघुवीर मेस्त्री. मांगर उभा होता तो दोघा भावांच्या सामाईक जमिनीवर, पण गणपती करायचे आबा. बाबलकाकाला त्यात कधी गोडी नव्हती. त्या वर्षी मात्र त्याने बाजारात गाळा घेतला आणि बाहेरून ट्रक भरून तयार प्लास्टरचे गणपती आणून ठेवले. गणपती चकचकीत होते, पण त्यांना गिऱ्हाईक नव्हतं, कारण गावचे सगळे पाट आबांच्या शाळेत होते.

आबांची एक रीत होती. मूर्ती रंगवून पूर्ण करायचे, पण डोळे ठेवायचे. घरचं माणूस न्यायला आलं की त्याच्या समोर बसून डोळे रेखायचे. "ज्याच्या घराक जाऊचो, तेकाच पयलो बघूक व्हयो," असं म्हणायचे. म्हणून आदल्या दिवसापर्यंत आमच्या शाळेतले सगळे गणपती बिनडोळ्यांचे असायचे आणि मला लहानपणी त्यांची भीती वाटायची.

चतुर्थीला दोन दिवस होते तेव्हा बेलीफ आला. त्याच्या मागे छत्री धरून बाबलकाका. बेलीफाने कागद पुढे केला आणि म्हणाला, आतला माल हलवायचा नाही, जैसे थे.

"माल?" आबा म्हणाले. "माल खंय आसा हय? गणपती आसत."

बेलीफ बिचारा खाली बघायला लागला. बाबलकाकाने मांगरावर हक्क सांगणारा दावा लावला होता आणि वाटणी होईपर्यंत आतला 'तयार माल' हलवू नये असा स्टे आणला होता. दाव्यात गणपती हा शब्दच नव्हता. पुढची तारीख आठवड्यानंतरची होती. चतुर्थी मध्ये पडत होती आणि ती तशी पडावी म्हणूनच दावा त्या दिवशी लावला होता. हे मला पुढे वकिली शिकताना कळलं. आबांना ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कागद हातात घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप घातलं. आदेश मोडायचा असतो हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल.

आदेश इंग्रजीत होता. आबांनी तो माझ्या हातात दिला. "नंदा, काय लिवलला आसा ता वाच."

मी माझ्या दप्तरातला शब्दकोश घेऊन बसले. 'रिस्ट्रेन्ड' असा शब्द होता. आवरणे, रोखणे. त्याच्या पुढे लिहिलं होतं, 'हिंडर' पाहा. हिंडर काढला तर त्याने मला 'इम्पीड'कडे पाठवलं, इम्पीडने 'ऑब्स्ट्रक्ट'कडे, आणि तिथे 'हॅम्पर', 'चेक', 'कर्ब' असे सगळे भाऊबंद बसलेले. पायात खोडा घालायला एक शब्द, वाटेत गडगा घालायला दुसरा, नाकात वेसण घालायला तिसरा. इंग्रजी भाषेत माणसाला अडवायची एवढी सोय केलेली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी एकेक शब्द वाचून अर्थ सांगत होते आणि आबा उंबऱ्यावर बसून ऐकत होते.

"तेच्यात सोडवूचो शब्द नाय?" त्यांनी विचारलं.

असेल, पण त्या कागदावर नव्हता.

आदल्या दिवशी सकाळपासून लोक यायला लागले. कुणी डोक्यावर घ्यायला चुंबळ आणलेली, कुणी ताशा आणलेला. कुलूप बघून थबकायचे. आबा दारासमोर उभे राहून प्रत्येकाला तेच तेच सांगत होते. शेवटी सरस्वतीकाकी आली, खालच्या वाडीतली विधवा बाई, एकटीच राहायची.

"रघू, माझो गणपती खंय आसा?"

"आत आसा, काकी."

"मगे दी."

"देवक येणा नाय."

ती तिथेच दगडावर बसून राहिली. बाकीचे मात्र दुपारपर्यंत बाजाराकडे वळले. घरात पाहुणे आलेले, मखर बांधलेलं, लोक तरी काय करतील, असं आई म्हणायची. मी तसं म्हणत नाही. त्यातल्या एकानेही आबांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पाट देऊन शब्द घेतला होता आणि मेस्त्रीने शब्द मोडला, एवढंच त्यांना दिसलं. संध्याकाळी बाबलकाकाचा गाळा रिकामा झाला.

तारखेला कोर्टाने स्टे लगेच उठवला. माल म्हणजे काय हे ऐकल्यावर न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं म्हणे. पण तोपर्यंत दीड दिवसाचे, पाच दिवसांचे सगळे गणपती पाण्यात गेले होते. आबांनी कुलूप काढलं. आतले गणपती तसेच बसले होते, रंगवलेले, बिनडोळ्यांचे. आईने विचारलं, डोळे तरी काढू या का. आबा नको म्हणाले. कुणाला बघायला डोळे काढायचे? आम्ही तिघांनी टोपल्यांत घालून ते व्हाळाच्या पाण्यात नेऊन सोडले, आरतीशिवाय. त्यानंतर आबा रिकामे पाट डोक्यावर घेऊन घरोघर देत फिरले. लोक दारातच पाट घ्यायचे आणि आत जायचे.

पुढच्या नागपंचमीला आबांनी मांगर सारवून ठेवला. फक्त सरस्वतीकाकी पाट घेऊन आली. एका पाटासाठी शाळा कशी चालवायची म्हणून आबांनी तिला परत पाठवलं. तिने तो पाट दुसऱ्या कुणाला दिला नाही. घरीच मांडून त्यावर सुपारीचा गणपती बसवायला लागली. आबा मग दुकानांच्या पाट्या रंगवायचे. गणपतीचे डोळे रेखणाऱ्या हाताने त्यांनी एसटी स्टँडच्या मुतारीवर 'पुरुष' आणि 'स्त्रिया' लिहिलं. मी बारावीला असताना ते गेले. डॉक्टरांनी काहीतरी नाव सांगितलं, पण मला ते पटलं नाही. आमच्या घरीही गणपती आणायचं बंद झालं. मांगर बाबलकाकाने ताब्यात घेतला आणि पुढे लोकांची आवड फिरली तशी शाडूची शाळाही तिथेच सुरू केली, गावाने त्याला पाटही दिले. गावाची आठवण फार लांब पल्ल्याची नसते.

माझी होती. मी ते सगळे शब्द पाढ्यांसारखे पाठ केले होते आणि त्यांच्या मागोमाग कोल्हापूरला जाऊन वकीलही झाले. प्रत्येक शब्द कुठल्या अर्जात बसतो, कुठल्या कलमात बसतो, हे शिकले. एकच शब्द असा होता की तो कुठेच बसेना. 'डिटर'. भीती दाखवून परावृत्त करणे. असा आदेश कुठलंच कोर्ट देत नाही, म्हणून तो मी तसाच बाजूला ठेवला होता.

तर त्या वर्षी मी चतुर्थीला आठवडाभर आधीच घरी आले, सोबत काळा कोट घेऊन. बाबलकाकाला वाटलं भाची-पुतणी कशी येते तशी आले. म्हणून तर त्याने कौतुकाने शाळा दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट घातला, कागदांचं पुडकं काखेत मारलं आणि एसटीने तालुक्याच्या कोर्टात गेले. आधी कॅन्टीनमध्ये बसून चहा घेतला. मग व्हरांड्यात आले. बाबलकाकाच्या वकिलाचा कारकून खांबाला टेकून उभा होता. मी त्याला ओळख दाखवली नाही. शेजारच्या शिपायाला मात्र जरा मोठ्याने विचारलं, की चतुर्थीच्या सुटीआधी तातडीचे अर्ज कुठल्या दिवसापर्यंत घेतात. शुक्रवारपर्यंत, तो म्हणाला. मी आभार मानले आणि पुन्हा कॅन्टीनमध्ये जाऊन बसले.

घरी परतले तोवर बातमी माझ्याआधी पोचली होती. आमच्या गावात एसटीपेक्षा तोंडं वेगाने धावतात. आई पडवीत उभी होती.

"कोर्टात कित्याक गेललंस?"

"च्या पिऊक."

"नंदा, माझा जरा आयक..."

"तू मधी पडू नको," मी म्हटलं आणि आत गेले. आई पूर्वीपासून मिटवामिटवी करणारी. बाबलकाकाच्या घरी कुणी आजारी पडलं तरी ही पेज घेऊन जायची. त्या दिवशी तिच्याशी वाद घालायची माझी तयारी नव्हती, आणि ती काय सांगणार हे मला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले. कॅन्टीनचा चहा वाईट होता, पण मी दोनदा प्यायले. त्या संध्याकाळी बाबलकाका आमच्याकडे आला. छत्री पडवीत उघडीच ठेवली आणि बाकावर बसला. आईने चहा आणला. त्याने कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"माझ्या वकिलान कॅव्हेट घातल्यान," तो म्हणाला. म्हणजे मी अर्ज केलाच तर त्याला ऐकल्याशिवाय कोर्टाने हुकूम देऊ नये, अशी त्याने आधीच तजवीज करून ठेवली होती.

"बरा केलात."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. मी रागावेन, भांडेन असं त्याला वाटलं असावं. मग तो आपणच बोलायला लागला. मांगराच्या जमिनीत माझंही नाव लागलंय हे त्याला माहीत होतं. त्याच्यापेक्षा माझा हक्क धड होता. कॅव्हेट असलं तरी कोर्ट दोन दिवस जैसे थे ठेवा म्हणू शकतं आणि दोन दिवस पुरतात, हे तर गावात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मागचं सगळं चुकलंच, तेव्हाच्या वकिलाने सुचवलं आणि आपण भुललो, असंही तो म्हणाला. माफी मात्र त्याने वकिलाच्याच खात्यावर मागितली.

"तुका काय व्हया ता सांग. बसान मिटवया."

"माका काय्येक नको, काका."

"मगे स्टे हाडूचंय नाय म्हणान लिवन दी."

"मी काय केलंयच नाय. न केलल्याचा लिवन काय देऊ? तोंडान सांगलंय, पुरे नाय?"

त्याने कप खाली ठेवला. "तोंडाचा काय खरा?" म्हणाला.

मला हसू आलं ते मी लपवलं नाही. एवढ्यात आई मध्येच म्हणाली, "बाबल भावजी, नंदाक सांगा तरी, आपल्या..." मी आईकडे असं बघितलं की तिचं वाक्य तिथेच राहिलं. बाबलकाका उठला. जाताना छत्री मिटायची विसरला आणि ती दारात अडकली.

गुरुवारी दुपारी पावसाने थोडी उघडीप दिली होती. मी पडवीत बसले होते. शाळेच्या बाजूने टेम्पोचा आवाज आला. पहिला टेम्पो आमच्या दारावरून गेला तेव्हा वर ताडपत्री होती आणि ताडपत्रीच्या खालून पेंढा बाहेर आला होता. मागोमाग दुसरा. बाबलकाका पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. तो गणपती खाडीपलीकडे आपल्या मेहुण्याच्या घरी हलवत होता. स्टे येणार तो मांगरातल्या मालावर. मांगरात मालच नसला तर स्टे कशावर लागणार? स्वतःच शोधलेली पळवाट माणसाला चांगली पाठ असते.

आई मागच्या दारातून धावत आली. पदर सावरायचं तिला भान नव्हतं. "खंय व्हरतहा ते? खंय व्हरतहा गणपती?" म्हणत ती अनवाणी रस्त्यापर्यंत गेली, पण टेम्पो वळणावर गेले होते. मी जागची हलले नाही.

शाडूचं असं असतं, की तो वरून सुकतो आणि पोटात ओला राहतो. रंग लागला, चकाकी आली, की बघणाऱ्याला वाटतं झाला तयार. आबा कधी डोळ्यांवर विश्वास ठेवायचे नाहीत. बोटाच्या पेराने पोटावर वाजवायचे. टणटण वाजला तर उचलायचा. बद्द वाजला तर अजून ओल आहे, त्याला हात लावायचा नाही, शेगडी जवळ ओढायची आणि थांबायचं. मला त्यांनी हे पाचवीत असतानाच शिकवलं होतं. बाबलकाका हे शिकला नव्हता, कारण त्याने आयुष्यभर प्लास्टर विकलं होतं आणि शाडूला त्याने कामगार ठेवले होते. मी त्या दिवशी शाळेत वाजवलेले तिन्ही गणपती बद्द वाजले होते. आदल्या दिवसापर्यंत जागेवर बसून राहिले असते तर सगळे सुखरूप घरोघर गेले असते.

पुलाच्या अलीकडे रस्ता उखडला होता. पहिल्याच खड्ड्यात पुढच्या ओळीतले गणपती कमरेत मोडले. ड्रायव्हरने टेम्पो थांबवला, बाबलकाकाने ताडपत्री वर केली आणि आत हात घालून सावरायला गेला तर सोंडा त्याच्या हातात आल्या. हे मला सरस्वतीकाकीने सांगितलं. ती तेव्हा पुलावर होती. बाबलकाका रस्त्यात चिखलात बसून कुठला हात कुणाचा ते जुळवत होता, म्हणाली. भंगलेली मूर्ती कुणी पूजत नाही, आणि सांधून रंगवायला दिवसही उरले नव्हते आणि ऊनही. धड राहिले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मला कसं वाटलं? बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? रात्री मी पोटभर जेवले आणि झोपले. आई जेवली नाही.

"देवाक तरी मधी घालूक नको होतंस," ती म्हणाली.

"पयलो कोणी घातल्यान?" मी म्हटलं. "आणि डोळे नाय काढले तवसर ती मातीच मा? आबांच्या येळाक तुमी सगळेच म्हणा होतास, माती ती, माती."

 ती उठून देवापुढचा दिवा नीट करत बसली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम शाळेवरून चक्कर मारली. दार सताड उघडं होतं. या वेळी कुलूप नव्हतं, तरीही लोक बाहेर तसेच उभे होते, हातात चुंबळी, गळ्यात ताशे. त्यांतले बरेच जण मला तेव्हाचे आठवत होते. तेव्हा तरणे होते, आता केस पिकले होते. कुणी तालुक्याला जाऊन मिळेल तो गणपती आणायला निघाले होते, पण बहुतेक घरांत सुपारीचाच बसणार होता. ते बोलताना मी जवळून गेले की गप्प व्हायचे. मला तेही बरं वाटलं. सगळं गाव एकदा तरी त्या दारासमोर रिकाम्या हाताने उभं राहावं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं, आणि ते उभं होतं.

दुपारनंतर बाबलकाका पाट परत देत फिरायला लागला. एकेक पाट काखेत धरून एकेका घरी. कामगारांकरवी पाठवता आले असते, पण तेवढी लाज त्याला होती, हे मी नाकारत नाही. तो आमच्या अंगणात आला तेव्हा मी पायरीवर बसले होते. दोन दिवसांत तो खूप वाकल्यासारखा दिसत होता. पाट त्याने पायरीला टेकवून उभा ठेवला. सदऱ्याच्या पाठीवरचा ओला डाग बघून कळलं की तो छत्रीशिवाय फिरत होता.

"एकच खरा सांग," तो म्हणाला. "काल शुक्रवार होतो. मी सगळो दीस बेलीफाची वाट बघलंय. बेलीफ येवक नाय. वकिलाक विचारलंय, तो म्हणता अर्जच नाय. तू अर्ज घातलेलंस काय नाय?"

"नाय."

"घालूचो होतो?"

"नाय. मी थंय च्या पी होतंय."

त्याला ते समजायला वेळ लागला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढ्याचसाठी मी इतकी वर्षं थांबले होते, आणि त्यातला एक क्षणही मला चुकवायचा नव्हता. त्याने गुडघ्यांवर हात टेकले.

"मगे माका अडवल्यान कोणी?"

"जेणी माझ्या बापाशीक अडवल्यान, तेणीच," मी म्हटलं.

हे उत्तर मी आधी ठरवलं नव्हतं, पण ते तोंडातून निघालं तेव्हा मला वाटलं की आबांचा हिशेब पुरा झाला.  बाबलकाकाने मान हलवली आणि वळून चालायला लागला. अंगण ओलांडून तो बेड्यापाशी, फाटकापाशी पोचला तेव्हा माझं लक्ष पायरीकडे गेलं.

"काका," मी हाक मारली, "तुमचो पाट रवलो."

तो थांबला. "माझो नाय," तिथूनच म्हणाला. "तुमचो."

मी पाट उलटा केला. कडेने दूर्वांची वेल काढलेली होती, हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेला. ती वेल आबांनी काढली होती, मी पहिलीत असताना, आणि मधलं एक पान माझ्या बोटाला रंग लावून माझ्याकडून उमटवलं होतं. तो पाट माळ्यावर असायचा. तो तिथे नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आई बाहेर आली. तिने माझ्या हातातून पाट घेतला आणि पदराने त्यावरचा चिखल पुसायला लागली. लहानशी मूर्ती मावेल एवढी जागा मध्ये ओलसर दिसत होती, कोपऱ्यातल्या त्या मूर्तीएवढी. तिचं पोट मीच सगळ्यात आधी वाजवलं होतं.

"नागपंचमीक दिललंय," आई म्हणाली, माझ्याकडे न बघता. "बाबल भावजी म्हणाले, मी स्वतः करतंय, पैसो घेवचंय नाय. म्हटलंय, तू येतलंस. इतक्या वर्षांनी घरात गणपती येवंदे."

ती आत गेली. मला आतून फडताळाचं दार उघडल्याचा आणि डब्यात सुपारी शोधल्याचा आवाज आला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बाबलकाकाने शाळा पुन्हा काढली नाही. दोन वर्षांनी तो गेला, आणि मी त्याच्या दहाव्यालाही गेले नाही. कोर्टात मी रोज उभी राहते आणि ते सगळे शब्द रोज वापरते. पश्चात्ताप झाला का, असं मला विचारणारे ज्युनियर पोरगे असतात, त्यांना मी सरळ नाही म्हणून सांगते. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा कोट घालून जाईन आणि कॅन्टीनमध्ये बसून तो वाईट चहा पिईन. फक्त घरातून निघण्याआधी आईला तिचं वाक्य पुरं करू देईन.